राजाचे नाव, सुताराचा शिक्का

खाली निमुळते होत गेलेले सरळ पाय, त्यांवर उभ्या पन्हळी, पाठीला लंबगोल किंवा चौकोनी चौकट, चौकटीच्या कडेने बारीक मण्यांची माळ आणि माथ्यावर फितीने बांधलेला पानांचा गुच्छ. अशी खुर्ची दिसली की जाणकार तिला ‘लुई सोळावा शैली’ची म्हणतात. नाव इतके रुळले आहे की त्याचा अर्थ कोणी तपासत नाही. सोळावा लुई गादीवर आला तो १७७४ साली. तोवर या शैलीची जवळजवळ सगळी वैशिष्ट्ये पॅरिसात येऊन दीड दशक उलटले होते. पुरावा अगदी ठोस आहे. कर गोळा करण्याचा मक्ता घेणाऱ्या एका धनाढ्याचा मुलगा, आंज-लोराँ लालीव्ह द ज्युली, याने १७५७च्या सुमारास एक लिहिण्याचे मेज आणि कागदपत्रांचे कपाट करवून घेतले. आराखडा लुई-जोझेफ ल लोरँ या चित्रकाराचा, वर चढवलेले ब्राँझचे काम फिलिप काफिएरीचे. काळ्या एबनीचा पापुद्रा, जाड चौकोनी पाय, दोरखंडासारख्या जाडजूड ब्राँझच्या माळा. शांतिई येथील संग्रहालयात हे सामान आजही आहे. त्या वेळी लुई सोळावा तीन वर्षांचा होता. व्हर्सायच्या बागेतला पेती त्रियानों हा सरळ रेषांचा छोटा महाल वास्तुकार आंज-झाक गाब्रिएल याने १७६२ ते १७६८ या काळात बांधला, तोही आधीच्या राजासाठी. १७६३ मध्ये ग्रिम या लेखकाने आपल्या बातमीपत्रातून युरोपच्या दरबारांना कळवले होते की पॅरिसमध्ये आता घरापासून दागिन्यांपर्यंत सारे ‘ग्रीक’ झाले आहे. म्हणजे ज्या राजाच्या नावाने ही शैली ओळखली जाते, त्याच्या हाती ती तयार होऊन आली. राजांच्या नावांनी शैलींचे कप्पे पाडण्याची सवय पुढे एकोणिसाव्या शतकातल्या संग्राहकांनी आणि व्यापाऱ्यांनी पक्की केली. त्यांना ती सोयीची होती, कारण राजाचे नाव घेतले की वस्तूची किंमत वाढते. पण सोयीचे नाव खरे असतेच असे नाही. हे फर्निचर समजून घ्यायचे तर ते समोरून पाहून भागत नाही, उलटे करून पाहावे लागते. कोणत्या लाकडाचा सांगाडा आहे, पट्टीच्या आतल्या बाजूला कोणाचा शिक्का ठोकलेला आहे, ब्राँझ कोणी ओतले आणि त्यावर सोने कोणी चढवले, हे पाहू लागले की राजा मागे सरतो आणि कारखाना पुढे येतो.

राजाच्या नावाइतकेच फसवे दुसरे नाव आहे ते ग्रीसचे. १७३८ पासून हर्क्युलेनियम आणि १७४८ पासून पाँपेई खणले जाऊ लागले, आणि राखेखाली गाडलेल्या रोमन घरांच्या बातम्यांनी युरोप भारून गेला. पंधराव्या लुईची प्रेयसी मॅडम द पाँपादूर हिचा धाकटा भाऊ, पुढे राजाच्या बांधकामांचा मुख्य अधिकारी झालेला मारिन्यी, १७४९ ते १७५१ या काळात इटली फिरून आला. सोबत कोशँ हा खोदचित्रकार आणि सूफ्लो हा वास्तुकार होता. परतल्यावर याच कोशँने १७५४ मध्ये सोनारांना आणि कोरीवकाम करणाऱ्यांना उद्देशून एक लेख लिहिला आणि आधीच्या रोकोको शैलीच्या वेड्यावाकड्या वळणांपासून सुटका मागितली. काँत द केलस याने १७५२ पासून प्राचीन वस्तूंचे सचित्र खंड काढायला सुरुवात केली, ते सात झाले. मग असे वाटणे साहजिक आहे की खणून काढलेले प्राचीन फर्निचर पाहून पॅरिसच्या सुतारांनी त्याच्या नकला केल्या. तसे झाले नाही. लाकूड कुजते, जळते. ग्रीकांचे लाकडी सामान हाती लागणे जवळजवळ अशक्य होते. जे कळत होते ते मडक्यांवरच्या चित्रांतून, भिंतींवरच्या रंगकामातून आणि थडग्यांवरच्या कोरीव पाट्यांतून. ग्रीक खुर्ची कशी असे हे त्या चित्रांत स्पष्ट दिसते. तिचे पाय तलवारीच्या पात्यासारखे बाहेर वळलेले असतात आणि पाठ अंगाला कवेत घेते. १७६०च्या दशकातली ‘ग्रीक’ खुर्ची मात्र तिच्या जवळपासही जात नाही. तिचे पाय ताठ, चौकट ताठ. हे आले कुठून? देवळाच्या खांबावरून, दगडी वास्तूवरून. पन्हळी खांबाच्या, नागमोडी पट्टी छताखालच्या पाटाची, अकँथसची पाने खांबाच्या शिरावरची. वास्तूची भाषा लाकडात आणली गेली, आणि आणताना उलटलीही. देवळाचा खांब वर जाताना बारीक होतो, खुर्चीचा पाय खाली येताना बारीक होतो. ही नक्कल म्हणता येणार नाही. दगडाचे व्याकरण उचलून लाकडात नवी वाक्ये रचण्याचा तो उद्योग होता, आणि तो पॅरिसच्या कारागिरांचा स्वतःचा होता. खरी ग्रीक वळणाची खुर्ची यायला १७८०चे दशक संपत यावे लागले, त्याचा उल्लेख पुढे येईलच.

याच ग्रीकपणाच्या कल्पनेला जोडून आणखी एक समज आहे, तो म्हणजे संयमाचा. रोकोको म्हणजे उधळपट्टी आणि नवअभिजात म्हणजे साधेपणा, अशी मांडणी बहुतेक पुस्तकांत सापडते. संग्रहालयात उभे राहिले की ती पटतेही, कारण समोरचे कपाट मधासारख्या तपकिरी रंगात शांतपणे उभे असते. पण तो तपकिरी रंग उन्हाचे काम आहे. जडावकामातली फुले, पाने, पार्श्वभूमी यांसाठी लाकडाचे पापुद्रे हिरवे, निळे, लाल, पिवळे रंगवलेले असत. दोनशेहून अधिक वर्षांच्या उजेडाने ते विटले. खणांच्या आत आणि झाकणाच्या पोटात, जिथे ऊन पोचले नाही, तिथे मूळ रंगाचा माग अजून सापडतो. ॲमरँथचे लाकूड ताजे असताना गडद जांभळे असते, ‘बोआ द रोझ’ गुलाबी. त्यावर नवा सोन्याचा मुलामा दिलेले ब्राँझ आणि मेणबत्त्यांचा हलता प्रकाश कल्पून पाहावा. आज ज्याला आपण संयम म्हणतो ते मुळात डोळे दिपवणारे होते. त्या पिढीने प्राचीन मूर्ती पांढऱ्याशुभ्र समजून त्यांच्या शुद्धतेची स्तुती केली आणि त्या मूर्ती मुळात रंगवलेल्या होत्या. नेमकी तीच चूक आपण त्यांच्या कपाटांबाबत करतो. सरळ रेषा म्हणजे कमी कष्ट, हाही समज सोडून द्यायला हवा. वळणदार नक्षीत चूक लपते. दोन पट्ट्यांच्या सरळ सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी ती ओरडून दिसते.

मग हे काम करत कोण होते? पॅरिसमध्ये सुतारांचा एकच संघ होता, पण त्यात दोन धंदे होते. खुर्च्या, पलंग, कोच अशा भरीव लाकडाच्या वस्तू करणारे ‘मन्युइझिए’, आणि सांगाड्यावर किमती लाकडाचा पातळ पापुद्रा सरसाने चिकटवणारे ‘एबेनिस्त’. दुसरे नाव एबनीवरून पडलेले. १७४३च्या नियमांनी प्रत्येक मान्यताप्राप्त उस्तादाला आपल्या नावाचा लोखंडी शिक्का वस्तूवर ठोकणे बंधनकारक केले. ते नियम प्रत्यक्ष लागू व्हायला १७५१ उजाडले. संघाच्या तपासनिसांनी काम पसंत केले की शेजारी त्यांचा ‘जे-एम-ई’ हा शिक्का बसे. एका साध्या खुर्चीमागे किती हात असत ते पाहण्यासारखे आहे. मन्युइझिए चौकट जोडी, कोरीवकाम करणारा तिच्यावर नक्षी काढी, रंगारी-मुलामेवाला खडूसारख्या लेपाचे थर देऊन, घोटून, त्यावर सोन्याचा वर्ख लावी, आणि शेवटी गादीवाला रेशीम चढवी. बहुतेकदा लिऑंचे ते रेशीम खालच्या लाकडापेक्षा महाग पडे. कपाटावरचे ब्राँझ तर सुताराने स्वतःच्या दुकानात ओतायचेच नाही असा दंडक होता. ओतारी आणि मुलामेवाले आपापल्या हद्दी डोळ्यांत तेल घालून राखत. आधीच्या पिढीतल्या शार्ल क्रेसां या नामांकित एबेनिस्तला याच कारणावरून खटल्यांना तोंड द्यावे लागले होते. आपल्याकडे सुतार, तांबट आणि सोनार यांचे उंबरे जसे वेगळे, तसेच हे, फक्त तिथे जातीऐवजी संघाचा कायदा होता आणि तो न्यायालयात चाले.

या व्यवस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे व्हर्सायमधले ‘राजाचे मेज’. सरकत्या गोल झाकणाचे हे लिहिण्याचे मेज पंधराव्या लुईसाठी १७६० मध्ये झाँ-फ्रान्स्वा ओबेन याने सुरू केले. १७६३ मध्ये तो वारला. त्याच्या कारखान्यातला झाँ-आंरी रीझनर याने काम पुढे नेले आणि १७६९ मध्ये पुरे करून जडावकामात आपले नाव घातले. मधल्या काळात त्याने ओबेनच्या विधवेशी लग्न केले आणि १७६८ मध्ये उस्तादपद मिळवले. विधवेला कारखाना चालवण्याचा हक्क असे, म्हणून असे विवाह त्या धंद्यात नवलाचे नव्हते. पण नुसते ते नाव वाचून थांबले तर बाकीची नावे हरवतात. ब्राँझच्या आकृत्यांचे नमुने द्युप्लेसीने केले, जडावकामात व्हिनाँ स्टायलेन होता, दोन्ही बाजूंनी वेळ दाखवणारे घड्याळ लेपीनने बसवले. शिवाय मेजाचे अंग अजून वळणदार आणि नक्षी मात्र सरळ शिस्तीकडे वळलेली. एकाच वस्तूच्या अंगावर नऊ वर्षांत एक शैली मावळताना आणि दुसरी उगवताना दिसते, आणि या सगळ्या काळात राजा एकच होता. यातले बरेच लोक फ्रान्सचे नव्हतेही. ओबेन आणि रीझनर दोघेही जर्मन भाषक मुलखातून आलेले, रीझनर वेस्टफेलियातल्या ग्लाडबेकचा. मार्टिन कार्लिन, ॲडम वाइसवायलर, गियोम बेनमन हेही तिकडचेच. बहुतेक परदेशी कारागीर फोबूर सेंत-आंत्वान या उपनगरात उतरत. तिथल्या मठाच्या जुन्या सवलतींमुळे संघाच्या परवान्याशिवाय काम करता येई. फ्रेंच अभिरुचीचा कळस म्हणून जे दाखवले जाते, ते मोठ्या प्रमाणावर स्थलांतरितांच्या हातचे आहे.

सरळपणाचे आणखी एक कारण मला ग्रीसमध्ये सापडत नाही, ते रू सेंत-ओनोरेवरच्या दुकानांत सापडते. तिथे ‘मारशाँ-मेर्सिए’ नावाचे व्यापारी होते. त्यांना वस्तू स्वतः घडवण्याची मनाई होती, पण वेगवेगळ्या संघांकडून भाग करवून घेऊन ते एकत्र आणण्याची मुभा होती. सिमॉन-फिलिप पोआरिए आणि त्याच्यानंतर दोमिनिक दागेर हे त्यांतले बडे. १७६०च्या आसपास पोआरिएने सेव्रच्या कारखान्यातून चिनीमातीच्या रंगीत फरशा घेऊन त्या फर्निचरवर बसवायला सुरुवात केली. कार्लिनसारखे कारागीर त्या फरशांभोवती मेज आणि कपाटे रचत. जपानी लाखकामाचे जुने पडदे आणि पेट्या फोडून त्यांचे तावही याच दुकानांतून कारागिरांकडे जात. आता लाखेचा ताव गोल पोटाच्या कपाटावर वाकवून बसवणे हे जिकिरीचे काम, आणि भाजलेल्या मातीची फरशी तर वाकतच नाही. सपाट, चौकटीत बांधलेली पाटी ही या दोन्ही मालांची गरज होती. बाजारात जे विकले जात होते त्याला सरळ रेषा सोयीची होती, आणि प्राचीन काळाचे कौतुक तिला प्रतिष्ठा देत होते. रीझनरने १७८३ मध्ये राणी मारी आंत्वानेतसाठी एबनी आणि जपानी लाखकामाचे कपाट व लेखनपेटारा केला. ते १८८२च्या हॅमिल्टन पॅलेसच्या लिलावातून फिरत फिरत आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. त्यांत जपानची लाख आणि उष्ण कटिबंधाची एबनी, दोन्ही राणीच्या ब्राँझच्या फुलमाळांखाली शेजारी शेजारी नांदतात. त्यांत ग्रीसचे असे काय आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मालाचा माग काढत गेले की शिक्का नसलेली माणसेही भेटतात. १७८०च्या दशकात महॉगनीची आवड वाढली. ते लाकूड प्रामुख्याने कॅरिबियनमधून येई, आणि तिथली फ्रान्सची मोठी वसाहत सें-दोमँग गुलामांच्या श्रमावर उभी होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुमारास तिथे गुलामांची संख्या पाच लाखांच्या घरात गेली होती आणि १७९१ मध्ये त्यांनी बंड केले. पॅरिसमध्ये ब्राँझवर सोने चढवणाऱ्याची अवस्था निराळी पण दारुण होती. सोने पाऱ्यात विरघळवून तो लोण्यासारखा लगदा ब्राँझवर फासत आणि तापवत. पारा वाफ होऊन उडे, सोने चिकटून राही, आणि वाफ कारागिराच्या छातीत जाई. हात थरथरणे, दात गळणे, अकाली मरण हे त्या धंद्याचे सोबती. या कलेतला सर्वांत निष्णात माणूस पिएर गुतिएर. चकचकीत घोटलेल्या सोन्याशेजारी मखमलीसारखे मंद सोने ठेवण्याची रीत त्याने सिद्धीला नेली. पंधराव्या लुईची शेवटची प्रेयसी मॅडम द्यु बारी हिच्या लुव्हसिएन येथील महालासाठी त्याने केलेल्या कामाचे प्रचंड पैसे थकले, तो कर्जात बुडाला, आणि १८१३ मध्ये दारिद्र्यात वारला. देणेकरीण त्याआधीच, १७९३ मध्ये, गिलोटिनखाली गेली होती.

यावर एक रास्त आक्षेप येतो. कारागीर कितीही गुणी असो, पैसा राजाचाच होता. दरबाराने मागणी केली नसती तर हे घडले असते का? आक्षेपात तथ्य आहे. १७७४ ते १७८४ या दहा वर्षांत राजाच्या फर्निचर-भांडाराने एकट्या रीझनरकडून नऊ लाखांहून अधिक लिव्रचा माल घेतला. एवढ्या पैशाशिवाय त्याचे सर्वोत्तम काम झालेच नसते. पण गिऱ्हाईक आणि निर्माता या दोन वेगळ्या भूमिका आहेत. १७८४ मध्ये भांडाराची सूत्रे नव्या अधिकाऱ्याच्या हाती गेली, त्याला रीझनरचे दर परवडेनात आणि काम बेनमनकडे वळले. शैली मात्र बदलली नाही. राणी रीझनरकडूनच वस्तू घेत राहिली आणि दागेर त्याच धाटणीचा माल इंग्लंडच्या उमरावांना विकत राहिला. दरबाराने वेग दिला, दिशा दिलेली दिसत नाही. दिशा आधीच्या दोन दशकांत लेखक, संग्राहक, चित्रकार आणि दुकानदार यांनी ठरवली होती.

दुसरा आक्षेप माझ्याच पुराव्यावर येतो, आणि तो अधिक टोकदार आहे. शिक्क्यावर विश्वास तरी किती ठेवायचा? दुरुस्ती करणारा उस्ताद जुन्या वस्तूवर आपला शिक्का मारी. दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या मालावरही शिक्के पडत. राजाच्या कारखान्यात किंवा सवलतीच्या वस्तीत काम करणाऱ्याला शिक्का मारावाच लागत नसे. आणि खोटा लोखंडी शिक्का करून घेणे अवघड नाही. व्हर्सायने घेतलेल्या, दरबारी मालकांच्या नावाने विकल्या गेलेल्या काही खुर्च्या बनावट असल्याचे प्रकरण २०१६ मध्ये उघडकीस आले. त्यांतल्या काहींना आधी राष्ट्रीय ठेव्याचा दर्जाही मिळाला होता. हे सगळे मान्य. म्हणूनच शिक्का ही वाचनाची सुरुवात आहे, शेवट नव्हे. करवतीच्या खुणा, पापुद्र्याची जाडी, खिळ्यांची भोके, सेव्रच्या फरशीमागचे वर्षदर्शक अक्षर, भांडाराने रंगवलेला नोंदक्रमांक हे सारे एकमेकांशी जुळावे लागते. विसाव्या शतकात लूव्हरचे पिएर व्हेर्ले यांनी जुन्या दरबारी नोंदवह्या आणि वस्तूंवरचे क्रमांक यांची जोडणी करून विखुरलेल्या कितीतरी वस्तूंचा मूळ दालनापर्यंत माग काढला. आणि लक्षात घ्यावे, बनावट करणारा राजाच्या किंवा राणीच्या नावाचा आधार घेतो, कारण तेच नाव पैसे आणते. नावाकडे पाहून विकत घेणाराच फसतो.

राजा गेल्यावर काय झाले, ही या युक्तिवादाची खरी कसोटी. शैली राजाची असती तर १७९३ मध्ये त्याच्यासोबत संपली असती. जॉर्ज जाकोबची कारकीर्द पाहावी. बरगंडीत जन्मलेला हा मन्युइझिए १७६५ मध्ये उस्ताद झाला. १७८७ मध्ये त्याने रांबुयेच्या दुग्धालयात राणीसाठी महॉगनीच्या, प्राचीन चित्रांवरून योजलेल्या खुर्च्या केल्या. आराखडा चित्रकार ह्यूबेर रोबेरचा. त्याच सुमारास झाक-लुई दाविद याच्या चित्रशाळेसाठी त्याने प्राचीन घाटाचे सामान केले. तलवारीसारखे वळलेले पाय ते हेच. दाविद पुढे राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत देणार होता. क्रांती झाली, आणि तिच्या संसदेच्या सभागृहाचे सामानही जाकोबच्याच कारखान्यातून आले. १७९६ मध्ये कारखाना त्याच्या मुलांकडे गेला आणि त्यांनी नेपोलियनचे दिवाणखाने सजवले. राणी, क्रांतिकारक, सम्राट: तिघांनाही बसायला दिले ते एकाच घराण्याने, आणि घाट एकातून दुसऱ्यात सहज वाहत गेला. संघ मात्र १७९१ मध्ये बरखास्त झाले आणि शिक्क्याची सक्तीही संपली.

ऑगस्ट १७९३ पासून वर्षभर व्हर्सायच्या सामानाचा लिलाव चालला. १७ हजारांहून अधिक लॉट विक्रीला निघाले. खरेदीदारांत रीझनरही होता. आपणच केलेली कपाटे आणि मेजे त्याने परत विकत घेतली, पुढे चांगल्या भावाने विकता येतील या आशेने. बाजार मात्र बदलला होता आणि गिऱ्हाईक मिळेना. १७९४ मध्ये नव्या सरकारने त्याला एक काम दिले: राजाच्या फर्निचरवरची राजचिन्हे काढून टाकण्याचे. त्याच ‘राजाच्या मेजा’वरून त्या वर्षी पंधराव्या लुईची मुद्रा गेली आणि तिथे मिनर्व्हा देवीचे शिर बसले. सुताराचे नाव मात्र कोणी काढले नाही.